पाण्यामागे सायकलवर : लोणावळा ते भिरा

वेलचेरीत सायकल चालवणाऱ्या मुलांना चढ म्हणजे काय ते फक्त विजयनगरच्या उड्डाणपुलावर कळतं. यंदा थंडीच्या सुट्टीत गावी जाणार असाल तर मुलांना खरा चढ दाखवा. सोबत घरातला दिवा ज्या पाण्यावर लागू शकतो, ते पाणीही दाखवा.

चेन्नईहून मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पुण्यावरून जातात. पुण्याला उतरून लोकलने लोणावळा गाठा. जाड टायरची माउंटन बाइक असेल तर उत्तम, कारण पुढचा रस्ता काही ठिकाणी खडबडीत आहे.

पहिला दिवस वळवण धरणाचा. धरणाकडे पाहत मुलांना एक प्रश्न विचारा : हे पाणी मोकळं सोडलं असतं तर कुठे गेलं असतं? मुलं म्हणतील, जवळच्या अरबी समुद्रात. उत्तर चूक आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचं हे पाणी इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागराला मिळतं. म्हणजे तुमच्या चेन्नईच्या समुद्राला!

टाटांच्या जलविद्युत योजनेने नेमकं हेच उलटं केलं. पूर्वेला जाणारं पाणी माथ्यावर अडवायचं आणि मोठमोठ्या नळांतून सुमारे ५०० मीटर खाली, पश्चिमेला कोकणात सोडायचं. एवढ्या उंचीवरून आलेल्या पाण्याच्या जोरावर खाली टर्बाइन फिरतं आणि वीज तयार होते. १९१० साली कंपनी स्थापन झाली, १९१५ साली खोपोलीचं वीजघर सुरू झालं आणि मुंबईच्या गिरण्या या विजेवर चालू लागल्या. पुढे १९२२ साली भिवपुरी आणि १९२७ साली भिरा अशी आणखी दोन वीजघरं सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटेच निघा. लोणावळ्याहून कोरीगडाच्या पायथ्याचं पेठ शहापूर, पुढे भांबुर्डे आणि मग ताम्हिणी. सारखे चढउतार आहेत, म्हणून पूर्ण दिवस हाताशी ठेवा. दहा-बारा वर्षांच्या मुलांना सगळं अंतर झेपणार नाही. एक गाडी सोबत ठेवा आणि त्यांना सोपे टप्पेच चालवू द्या. पाणी, पंक्चरचं सामान आणि खाऊ लोणावळ्यातच भरून घ्या, वाटेत दुकानं तुरळक आहेत.

या वाटेवर मुळशीचं पाणी दिसू लागलं की सायकली जरा बाजूला लावा. दृश्य इतकं सुंदर की हात आपोआप मोबाइलकडे जातो. फोटो जरूर काढा, पण मुलांना हेही सांगा की या पाण्याखाली गावं आहेत. धरणासाठी पन्नासच्या आसपास गावांची घरं, भातखाचरं आणि देवळं जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला. नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट याच लढ्यातून ‘सेनापती बापट’ म्हणून ओळखले जाऊ लागले. लोक तुरुंगात गेले, तरी धरण झालं. धरणांमुळे उठवल्या जाणाऱ्या लोकांचा लढा आपल्याकडे इतका जुना आहे.

तिसऱ्या दिवशी ताम्हिणी घाट उतरायचा. निघण्यापूर्वी ब्रेक तपासा, हेल्मेट सक्तीचं करा आणि वळणावर वेग कमी ठेवा. खाली विळ्याच्या बाजूला भिरा आहे. वीजघरात परवानगीशिवाय जाता येत नाही, पण पाण्याची गंमत बाहेरही कळते. मुळशीचं पाणी इथे वीज देऊन कुंडलिका नदीत येतं. कोलाडचं राफ्टिंग याच सोडलेल्या पाण्यावर चालतं. म्हणूनच नदीपात्रात मुलांना एकटं उतरू देऊ नका. पाणी अचानक वाढतं.

कोलाडला कोकण रेल्वेचं स्टेशन आहे, सहल तिथे संपवता येईल.

परतीच्या गाडीत मुलं एखादा अवघड प्रश्न विचारतील : मग हे पाणी कुणाचं? मुंबईला वीज मिळाली, कोकणातल्या नद्यांना पाणी मिळालं, पण भीमेच्या खोऱ्यातले दुष्काळी भागही याच पाण्याकडे आशेने पाहतात. चेन्नईही या हिशेबाबाहेर नाही. १९७६ च्या करारानुसार महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र या तिघांनी कृष्णेच्या पाण्यातून प्रत्येकी ५ टीएमसी वाटा चेन्नईच्या पिण्यासाठी सोडायचं मान्य केलं. तेलुगू गंगा कालवा त्यातूनच झाला.

या प्रश्नाचं तयार उत्तर देऊ नका. पण घरी परतल्यावर मुलं न सांगता नळ बंद करू लागली, तर तीन दिवसांची दमछाक सत्कारणी लागली म्हणा!