अकरा ओळींची जबाबदारी

संगणकाची भाषा नुकतीच शिकू लागलेल्या विद्यार्थ्याला आपण लिहिलेले चार ओळींचे काम जगापुढे ठेवण्यासारखे आहे, असे सहसा वाटत नाही. मात्र २२ मार्च २०१६ रोजी घडलेला प्रकार या समजुतीला छेद देणारा ठरला. अझेर कोचुलु या प्रोग्रामरचे ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे मॉड्युल अवघ्या अकरा ओळींचे होते. दिलेल्या मजकुराच्या डावीकडे शून्ये किंवा मोकळ्या जागा भरून त्याची लांबी ठराविक करणे, एवढेच त्याचे काम. दुसऱ्या एका मॉड्युलच्या नावावरून वाद झाला आणि कोचुलु यांनी ‘एनपीएम’ या सार्वजनिक भांडारातून आपली सर्व मॉड्युल्स काढून घेतली. त्यासरशी जगभरातील असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. अखेर भांडाराच्या चालकांना काही तासांतच ते मॉड्युल पूर्ववत करावे लागले.

मॉड्युल म्हणजे एकच काम नेमकेपणाने करणारा, इतर प्रोग्राममध्ये सहज जोडता येणारा सुटा भाग. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ मध्ये जन्माला आली. परंतु असे भाग जोडण्याची अधिकृत सोय तिच्या प्रमाणात २०१५ मध्ये समाविष्ट झाली. तत्पूर्वीच, २००९ मध्ये आलेल्या ‘नोड’मुळे ही भाषा ब्राउझरबाहेर चालू लागली होती आणि पाठोपाठ २०१० मध्ये एनपीएम आले.

नवशिक्याने विषय लहान निवडावा. उदाहरणार्थ, इंग्रजी अंकांचे देवनागरी अंक करून देणारे मॉड्युल. युनिकोड या प्रमाणात प्रत्येक चिन्हाला क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, तर देवनागरी शून्याचा २४०६. पुढील नऊही अंक दोन्हीकडे ओळीने येतात. त्यामुळे इंग्रजी अंकाच्या क्रमांकात २३५८ मिळवले की देवनागरी अंक हाती येतो. मिळालेल्या मजकुरातील केवळ अंक शोधून बदलावेत; स्वल्पविराम, दशांशचिन्ह व अक्षरे तशीच राहू द्यावीत. हे फंक्शन एका फाइलमध्ये लिहून ‘एक्स्पोर्ट’ या शब्दाने इतरांसाठी खुले केले की मॉड्युल तयार झाले.

यानंतर ‘एनपीएम इनिट’ ही आज्ञा दिली असता ‘पॅकेज डॉट जेसॉन’ ही फाइल तयार होते. मॉड्युलचे नाव, आवृत्ती, मुख्य फाइल आणि परवाना यांची नोंद तिच्यात असते. नाव भांडारात आधी कोणी घेतलेले नसावे. सोबत वापराची माहिती देणारी ‘रीडमी’ फाइल ठेवावी. रिकामा मजकूर, ऋण संख्या, आधीच देवनागरीत असलेले अंक अशा निरनिराळ्या नमुन्यांवर चाचणी घ्यावी. मग खाते उघडून, द्विस्तरीय पडताळणी सुरू करून ‘एनपीएम पब्लिश’ ही आज्ञा द्यावी. तिच्यापुढे ‘ड्राय-रन’ हा पर्याय जोडल्यास प्रत्यक्ष प्रकाशन न होता कोणत्या फाइली बाहेर जाणार, ते दिसते. पासवर्ड असलेली एखादी फाइल चुकून सर्वांच्या हाती पडू नये, यासाठी ही तपासणी अगत्याची आहे.

आवृत्तीचे तीन आकडे हा निव्वळ उपचार नव्हे. केवळ दोष दूर केला तर शेवटचा आकडा वाढवावा, नवी सोय दिली तर मधला. जुना वापर मोडणारा बदल केला तर पहिला. लेफ्ट-पॅड नाहीसे होताच दुसऱ्या एका प्रोग्रामरने तसेच मॉड्युल १.०.० या आवृत्तीने चढवले होते. तरीही बिघाड थांबला नाही. कारण अनेक प्रकल्पांची मागणी नेमक्या ०.०.३ या आवृत्तीची होती.

त्या प्रकरणानंतर एनपीएमने नियम कडक केले. आज प्रकाशनानंतर ७२ तास उलटल्यावर मॉड्युल मागे घेण्यावर कठोर अटी आहेत, आणि एकदा वापरलेला आवृत्ती क्रमांक पुन्हा वापरता येत नाही. लेफ्ट-पॅडचे काम करणारी ‘पॅडस्टार्ट’ ही सोय तर २०१७ पासून जावास्क्रिप्टमध्येच आहे. त्यामुळे नवे मॉड्युल लिहिण्यापूर्वी ते काम भाषा स्वतःच करते का, हे पाहणे इष्ट. प्रकाशनाची आज्ञा क्षणात देता येते. पण कोण्या अनोळखी माणसाचे काम आपल्या ओळींवर उभे राहिले, की त्या निगुतीने सांभाळणे हे कर्तव्य ठरते.