उशाचा दगड

पाऊस उघडल्यापासून वीटभट्टीच्या मुकादमाची गाडी येईपर्यंत जेवढे दिवस मिळतील तेवढेच. शहापूर-मुरबाडकडच्या कातकरी वाड्यांमध्ये पुरलेल्या माणसांच्या जागा साफ करायला दुसरा वेळच नसतो. दिवाळी झाली की बिऱ्हाडं भिवंडी-कल्याणच्या भट्ट्यांवर जातात, ती परततात पावसाच्या तोंडावर. तोवर जमीन पुन्हा हिरवी व्हायला लागलेली असते.

मुरबाड तालुक्यातल्या एका वाडीत मी अशाच दिवसांत गेले होते. वाडीचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांचा वनहक्काचा दावा अजून लागायचा आहे. वाडीमागच्या टेकाडावर एक म्हातारी आणि तिचा नातू काम करत होते. गवत कमरेच्या वर. नातू कोयत्यानं सपासप कापत चालला होता. म्हातारी मात्र रानमोडीचं एकेक झाड बुडाशी धरून उपटत होती. ‘‘ही कापून जात नाही बाय, मुळी ठेवली तर दुप्पट फुटते.’’ गवत निघालं तसे दगड दिसू लागले. काळ्या पाषाणाचे ओबडधोबड दगड, लांबट चौकटीत मांडलेले. एका टोकाला एक उंच दगड रोवलेला, तो उशाचा.

‘‘हा सासरा. त्याच्या पायाशी दीर. नि हे माझं पोर, सव्वा महिन्याचं.’’ पोराच्या जागेला चारच दगड होते, हाताच्या पंजाएवढे.

कुठल्याही दगडावर नाव नाही, साल नाही. तरी कोण कुठे ते तिला पाठ आहे. कोणाचं डोकं कुठल्या दिशेला, कोणाला पुरताना पाऊस होता, खड्डा कोणी खणला, सगळं. नातवाला ती तेच सांगत होती. साफसफाई ही त्या घरातली वंशावळ सांगण्याची वेळही आहे.

या कामाची आपली एक रीत आहे. पुरलेल्या जागेवरची माती पहिल्या पावसाळ्यात खचतेच. खणून परत भरलेली माती भुसभुशीत असते, पाणी मुरलं की ती दबते, आणि इथला पाऊस साधासुधा नाही. म्हणून सुरुवातीला ढीग मुद्दाम उंच ठेवतात आणि पावसाळा सरला की घमेल्यानं मुरूम आणून भर घालतात. घाईनं सिमेंटचा ओटा घातला, तर खालची जमीन बसते आणि ओटा मधोमध तडकतो. हल्ली मजुरीचे पैसे हाती आलेल्या घरांत असे ओटे घालायची हौस दिसते. जाणती माणसं त्यांना वर्ष-दोन वर्षं थांबायला सांगतात. ताज्या जागेवर बोराटीच्या किंवा बाभळीच्या फांद्या टाकून त्यावर दगड ठेवतात. कोल्हा-तरस उकरू नये म्हणून.

कातकरी आणि ठाकर यांच्यात दहनही होतं, दफनही. कोणतं करायचं ते घराण्याच्या रितीवर ठरतं, आणि पुष्कळदा सुक्या लाकडावरही. भर आषाढात चिता रचायची तर लाकूड कुठून आणणार? तान्ह्या मुलाला तर बहुतेक सगळ्याच जातींत मातीच देतात. मराठीत आपण एखादा विषय संपवताना ‘मूठमाती दिली’ म्हणतो. या टेकाडावर मात्र मूठमाती दिल्यानं काही संपत नाही. पुढच्या वर्षी घमेलं घेऊन यावंच लागतं.

मी या दगडांमागे लागले त्याला निमित्त झालं वनहक्क कायद्याचं. २००६ चा हा कायदा म्हणतो, की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी वनजमीन कसतो किंवा तिच्यावर राहतो, त्याचा हक्क मान्य करायचा. पण पुरावा काय द्यायचा? सातबारावर वनखात्याचं नाव. दंडाची पावती असलीच तर उंदरांनी कुरतडलेली. २००८ च्या सुरुवातीला लागू झालेल्या नियमांमध्ये तेरावा नियम पुराव्यांचा आहे. त्यातल्या यादीत सरकारी कागद आहेत, नकाशे आहेत, आणि वस्तीचं जुनेपण दाखवणाऱ्या पारंपरिक खुणाही आहेत: विहिरी, दफनभूमी, देवस्थानं. त्याच नियमात, दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचं लेखी घेतलेलं निवेदनही पुरावा धरलं आहे. एकापेक्षा जास्त पुरावे बघायचे, असं नियम सांगतो.

मी तो नियम पुन्हा पुन्हा वाचला. ज्या माणसाला आयुष्यभर सातबारावर जागा मिळाली नाही, त्याच्या उशाचा दगड कायद्यानं पुरावा म्हणून स्वीकारला आहे. शेजारच्या घरातली म्हातारी तो दगड ओळखते, म्हणून तिचा शब्द दुसरा पुरावा. पण वनहक्क समिती स्थळपाहणीला येते तेव्हा दगड दिसावे तर लागतात. रानमोडीत बुडालेले चार दगड पंचनाम्यात कोण लिहिणार? शेजारच्या एका गावात रोपवनाचे खड्डे थेट अशा दगडांच्या रांगेतून गेलेले मी पाहिले. खणणाऱ्याला ती दगडांची रास वाटली असेल, पण त्या घराचा आजोबा आता कुठे दाखवायचा? म्हणून माझं म्हणणं साधं आहे: दरवर्षीची ही साफसफाई नुसतं पितृकार्य नाही. ज्यांच्याकडे दप्तर नाही, त्यांचं दप्तर ती दरवर्षी नवं करते.

कायद्यात या जागांची दखल इतरत्रही आहे. जमीन महसूल संहितेच्या बाविसाव्या कलमात सरकारी जमीन दफनभूमीसाठी राखून ठेवण्याची तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३०१ व्या कलमानुसार, भावना दुखवण्याच्या हेतूनं दफनाच्या जागी घुसणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण कलम लावायचं तर आधी ती जागा दफनाची आहे हे कुठेतरी लिहिलेलं हवं. ग्रामसभेच्या ठरावात, समितीच्या नकाशावर, निदान एवढं तरी व्हायला हवं. शहापूर पूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे, पेसा कायद्यानं तिथल्या ग्रामसभेला वजन दिलं आहे. ठराव करायला पैसे लागत नाहीत.

या दोन तालुक्यांत जागा जाण्याची भीती कल्पनेतली नाही. तानसाचं धरण १८९२ चं, भातसाचं त्यानंतर जवळजवळ शतकभरानं. मुंबई ज्या पाण्यावर जगते त्यातलं बरंचसं शहापुरातून जातं. पाण्याखाली शेतं आणि घरं गेली, तशा पुरलेल्या माणसांच्या जागाही गेल्या. घराचा मोबदला मोजता येतो. आज्याच्या जागेचा कसा मोजणार? २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं तिसऱ्या अनुसूचीत एवढं मात्र केलं, की नव्या वसाहतीत तिथल्या जातीजमातींच्या रितीप्रमाणे दफन किंवा दहनभूमी द्यायलाच हवी. ती पुढच्या मरणांची सोय झाली. मुरबाडच्या काळू धरणाचं काम २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं थांबवलं. तिथल्या गावांच्या विरोधात शेतीइतकाच हाही जिव्हाळा आहे, असं मला त्या भागात फिरताना वाटत राहिलं.

माणसांच्या येण्यानं जागा कशी टिकते ते मुरबाड तालुक्यातल्याच सिद्धगडावर दिसतं. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे तिथे पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पडले. कोतवाल माथेरानचे वकील, विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे पुढारी. दर २ जानेवारीला माणसं रात्रीतून रान तुडवत तिथे पोचतात आणि पहाटे मानवंदना देतात. स्मारक टिकतं ते अशा पावलांनी. वाडीच्या टेकाडावर येणारी पावलं दोघांचीच होती, एवढाच फरक.

दुपार कलली तेव्हा सासऱ्याच्या आणि दिराच्या जागेवर नवा मुरूम पडला होता. नातवानं मोबाइलवर फोटो काढले, उशाच्या दगडाशी आजीला उभं करून. समितीच्या सचिवानं तसं सांगितलं होतं. मग म्हातारी टेकाडाच्या कडेला गेली आणि बोराटीची एक फांदी तोडून आणली. ती तिनं पोराच्या चार दगडांवर आडवी ठेवली.

‘‘आता कशाला काटा, आजी? तीस वर्षं झाली की,’’ नातू म्हणाला.

तिनं उत्तर दिलं नाही. दुसरी फांदी ओढत आणली आणि तीही वर ठेवून दगडानं दाबली.