उशिराचे मूळ बाजूच्या रुळांत

मुंबईच्या उपनगरी गाड्यांचा उशीर मुसळधार पावसात किंवा वीजवाहक तार तुटल्यावर बातमीचा विषय होतो. परंतु कोरड्या, निर्विघ्न दिवशीही पाच-दहा मिनिटांचा जो उशीर नित्याचा होऊन बसला आहे, त्याची चर्चा कोणी करीत नाही. या उशिराचे एक मोठे मूळ स्थानकांच्या टोकाशी, म्हणजे बाजूचे रूळ मुख्य मार्गाला येऊन मिळतात तेथे आहे. सायडिंग आणि सांधे यांचे उद्घाटन समारंभ होत नाहीत. त्यामुळे त्यांच्याकडे दुर्लक्ष होणे सोपे जाते.

साध्या अंकगणितानेही ही गोष्ट पटेल. बारा डब्यांच्या गाडीची लांबी सुमारे २५० मीटर असते. जुन्या धर्तीच्या सांध्यावरून तिला ताशी १५ किलोमीटर वेगाने जावे लागले, तर संपूर्ण गाडी तो सांधा ओलांडीपर्यंत एक मिनिट जाते. ताशी ३० किलोमीटर वेगास योग्य असा सांधा बसविला, तर तेच काम अर्ध्या मिनिटात होते. तीन-चार मिनिटांच्या अंतराने गाड्या धावणाऱ्या मार्गावर हे अर्धे मिनिट क्षुल्लक नव्हे. खोळंबलेल्या गाडीमुळे पुढच्या फलाटावर गर्दी वाढते, गर्दीमुळे थांबा लांबतो आणि मागच्या प्रत्येक गाडीच्या वाट्याला तो उशीर येतो.

अंधेरी आणि बोरिवली येथे काही गाड्यांचा प्रवास संपतो. रिकामी गाडी परतीच्या प्रवासासाठी फलाटावरच उभी राहिली, तर तो फलाट तेवढा वेळ इतर गाड्यांना बंद होतो. तिला त्वरित बाजूला घेणारे पुरेशा लांबीचे सायडिंग असेल, तरच फलाट मोकळा होतो. २०१८ साली हार्बर मार्ग अंधेरीहून गोरेगावपर्यंत वाढविण्यात आला, तेव्हा प्रवाशांची सोय झालीच. शिवाय अंधेरीत परत फिरणाऱ्या गाड्यांचा काही भारही पुढे सरकला.

लांब पल्ल्याच्या गाड्या उपनगरी रूळ ओलांडून जातात, हा दुसरा अडथळा. त्यासाठी पश्चिम रेल्वेने सहाव्या मार्गिकेचा खार-गोरेगाव टप्पा नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि गोरेगाव-कांदिवली टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये पूर्ण केला. मध्य रेल्वेवर ठाणे-दिवा पाचवी व सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये खुली झाली. तथापि मुलुंड-घाटकोपरच्या प्रवाशाचा उशीर पुष्कळदा त्याहूनही दूर, कर्जत आणि कसारा येथील मार्ग जेथे एकत्र येतात त्या कल्याणात निर्माण होतो. कल्याण यार्डाची पुनर्रचना करून लांब पल्ल्याची आणि उपनगरी वाहतूक वेगळी करण्याची योजना म्हणूनच केवळ कल्याणकरांची नाही.

अशा कामांसाठी वाहतूक बंद ठेवावी लागते, हा आक्षेप खोटा नाही. २०२३ च्या खार-गोरेगाव कामाच्या वेळी उपनगरी गाड्यांच्या फेऱ्या मोठ्या संख्येने रद्द झाल्या आणि लोकांनी हाल सोसले. परंतु काही आठवड्यांची ही गैरसोय आणि वर्षानुवर्षांचा रोजचा उशीर यांत निवड करावयाची असेल, तर सुज्ञ माणूस पहिलीच पत्करील. मात्र त्या त्यागाचे फळ कोणते, हे त्याला कळले पाहिजे. रुळांलगतची मोकळी जमीन व्यापारी इमारतींना देण्याचा मोहही आवरावयास हवा. इमारत उभी राहिल्यावर तेथे सायडिंग घालता येणार नाही.

पश्चिम रेल्वेवर रोज सुमारे १,४०० आणि मध्य रेल्वेवर सुमारे १,८०० उपनगरी फेऱ्या होतात. त्यांत नवीन गाड्यांची भर घालण्याची मागणी रास्तच आहे. पण त्या उभ्या कोठे राहणार, वळणार कोठे, याचे उत्तर आधी मिळावयास हवे. कारकुनाच्या हजेरीपटावरील लाल खूण, शिक्षकाचा बुडालेला पहिला तास आणि परीक्षेच्या दारात अडविलेला विद्यार्थी यांची भरपाई दिलगिरीच्या घोषणेने होत नाही. कोणत्या स्थानकातील सांधे बदलले, किती सायडिंगे वाढविली आणि त्यामुळे गाड्यांची किती मिनिटे वाचली, याचा हिशेब रेल्वेने दरवर्षी जनतेपुढे ठेवावा. पास काढून रोज प्रवास करणाऱ्याचा तो हक्क आहे.