९७६ चौरस सेंटिमीटरांत अख्खं आकाश

रायपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. आपली पहिली अंतराळ वेधशाळा ‘ॲस्ट्रोसॅट’ विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना जेमतेम ६ अंशांपर्यंतच जाते, त्यामुळे रायपूरच्या डोक्यावर ती कधीच येत नाही. दिसली तर दक्षिण क्षितिजालगत, ६५० किलोमीटर उंचीवरून. पृथ्वीभोवती रोज चौदाएक फेऱ्या.

तिच्यावर मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर), पुण्याची ‘आयुका’ आणि इतर संस्थांनी मिळून घडवलेला ‘सीझेडटीआय’ हा एक्स-रे कॅमेरा आहे. ६४ संवेदक, प्रत्येकात २५६ घरं, म्हणजे १६,३८४ घरं. एकेक घर जेमतेम अडीच मिलिमीटरचं. सगळं मिळून क्षेत्रफळ ९७६ चौरस सेंटिमीटर, एफोर आकाराच्या दीड कागदाइतकं!

खरी गंमत पुढे आहे. कॅमेऱ्याची नेमकी नजर फक्त ४.६ अंशांची, बाजूचे किरण अडवायला धातूच्या भिंती आहेत. पण किरणांची ऊर्जा १०० किलो-इलेक्ट्रॉन व्होल्टच्या वर गेली की या भिंती पारदर्शक होतात. मग पृथ्वीआड गेलेलं तीसेक टक्के आकाश सोडलं, तर उरलेलं सगळं त्याच्या टप्प्यात येतं. ६ ऑक्टोबर २०१५ला, कॅमेरा सुरू झाला त्याच दिवशी, नजरेच्या रोखापासून ६० अंश बाजूला झालेला गॅमा किरण स्फोट त्याने टिपला. तेव्हापासून असे सहाशेहून अधिक.

सूर्य दर सेकंदाला ४० लाख टन वस्तुमान प्रकाशात उधळतो, आणि हे अब्जावधी वर्षं चालतं. त्याच्या साऱ्या आयुष्याच्या तोडीची ऊर्जा असा एक स्फोट काही सेकंदांत फेकतो. हे स्फोट किती दूरचे, यावर दीर्घकाळ वाद होता. १९९७मध्ये ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहावरच्या ४० अंश रुंद नजरेच्या एक्स-रे कॅमेऱ्यांनी स्फोटांच्या जागा नेमक्या सांगितल्या, मोठ्या दुर्बिणी तिकडे वळल्या आणि ८ मेच्या स्फोटाचं अंतर मोजता आलं. तो प्रकाश किमान ७०० कोटी वर्षं वाटेत होता. तो निघाला तेव्हा सूर्य जन्मलाही नव्हता.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते खेकडा तारकामेघातल्या स्पंदकाचं काम. सेकंदाला ३० गिरक्या घेणाऱ्या या ताऱ्याच्या एक्स-किरणांचं ध्रुवीकरण गिरकीच्या प्रत्येक टप्प्यावर कसं बदलतं, हे ‘सीझेडटीआय’नेच मोजलं. २०१७ साली ते प्रसिद्ध झालं, तेव्हा किरणांच्या दोन ठोक्यांमधल्या मंद वेळेतच सर्वाधिक बदल दिसला. प्रचलित सिद्धान्तांना हे सहज पचलेलं नाही.

ॲस्ट्रोसॅटचा साठवलेला विदा २०१८पासून सर्वांना खुला आहे. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात खगोलभौतिकी शिकवली जाते. तिथल्या मराठी मुलामुलींनो, तो उतरवून घ्या आणि कामाला लागा.