न्हाणीचे पाणी माडाला, संडासाचे कुठे?

देवबाग म्हणजे कर्ली खाडी आणि अरबी समुद्र यांच्यामधली पुळणीची चिंचोळी पट्टी. घरामागे विहीर, जवळच संडासाची टाकी आणि दोन्हींच्या खाली तीच रेती, तेच पाणी. पावसाळ्यात ते पाणी इतके वर येते की मधली मातीची गाळणी उरतच नाही.

सांडपाणी वापरणे या किनाऱ्याला नवे नाही. न्हाणीचे पाणी माडाच्या आळ्यात, मोरीचे अळवाला नाहीतर केळीला, ही घरोघरची रीत. मैल्याचा विचारही याच सिंधुदुर्ग जिल्ह्यात झाला. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचे काम मिळावे म्हणून उपोषण करणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात माती-पाला टाकून मैल्याचे खत करणारा ‘गोपुरी संडास’ रुजवला. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा झाला. खोल्या वाढल्या, प्रत्येक खोलीला फ्लश आला आणि हिशेब बदलला.

सेप्टिक टँक म्हणजे शुद्धीकरण, हा आपला लाडका गैरसमज. टाकीत गाळ बसतो, थोडा कुजतो. वरचे पाणी जंतूंसकट बाहेर पडते. पुढे दोन टप्पे हवेत. पहिला, ओळीने बांधलेले बंद कप्पे: पाणी प्रत्येक कप्प्यात तळाच्या गाळातून वर चढते आणि तिथले जिवाणू घाण खातात. थंड मुलखात हे काम मंदावते. आपल्याकडे बारमाही ऊब फुकट. दुसरा, खडीचा वाफा, त्यात कर्दळ आणि पाणकणीस. पाणी खडीच्या आतून वाहते, म्हणून डास होत नाहीत. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचे ‘फायटोरिड’ तंत्र याच जातीचे. उतार साधला तर वीज लागत नाही, आणि वादळात अंधारात बसणाऱ्या किनाऱ्यावर ही लहान गोष्ट नव्हे. म्हणूनच पंपांवर चालणाऱ्या गावभरच्या गटारयोजनेपेक्षा चार-पाच घरांचा मिळून एक वाफा मला इथे शहाणपणाचा वाटतो.

मात्र पुळणीत वाफ्याचा तळ पक्का हवा, काठ जमिनीच्या वर हवेत आणि पागोळ्यांचे पाणी त्यात येता कामा नये. नाहीतर पहिल्याच मृगात तो बुडाला.

आता वाफ्यातून निघणाऱ्या पाण्याचा हिशेब. समजा, सहा खोल्या, बारा पाहुणे. माणशी 135 लिटर धरले आणि त्यातले 80 टक्के सांडले, तर रोज सुमारे 1300 लिटर. उन्हाळ्यात माडाला ठिबकने रोज 30-40 लिटर लागते. म्हणजे तीसेक माड भागतात. तेवढाच विहिरीवरचा उपसा कमी आणि खारे पाणी आत शिरण्याचा धोकाही कमी. पालेभाजीला मात्र हे पाणी नको. जंतू पूर्ण मरत नाहीत.

राहिला गाळ. दोन-तीन वर्षांनी तो उपसावाच लागतो, आणि टँकर तो कुठे रिकामा करतो हे विचारणेही मालकाचेच काम. न्याहारी निवासाला नवी खोली जोडण्याआधी टाकी शेवटची कधी उपसली ते आठवून पाहा. आठवत नसेल, तर आधी तिचे झाकण उघडा.