“मनात आणलं तर उद्या सोडीन!”

वॉर्डात हे वाक्य मी कितीदा ऐकलं असेल. “अंग दुखतं म्हणून थोडी घेतो.” “जयंतीच्या महिन्यात थेंब शिवलो नव्हतो, विचारा हिला!” बंधू-भगिनींनो, असं बोलणारा प्रत्येक माणूस मुद्दाम खोटं बोलत नसतो. लाज आणि भीती झाकायला मन आधी त्यालाच फसवतं. आजार नाकारणं हा दारूच्या आजाराचाच भाग आहे.

घरचेही नाकारतात. माझा सख्खा भाऊ प्यायचा. मी नर्स असून त्याच्या मुकादमाला फोन करून “ताप आहे” सांगायचे. “नर्सचा भाऊ दारुडा” असं लोक म्हणतील म्हणून त्याला दवाखान्यात नेलं नाही. शपथ घालून घरातच त्याची दारू बंद केली. दुसऱ्या दिवशी त्याला फिट आली. वाचला, पण मी आजार झाकत होते, बरा करत नव्हते, हे तेव्हा कळलं.

हे चार प्रश्न विचारून बघा. दारू कमी करावी असं कधी वाटलं का? पिण्यावरून कुणी बोललं की राग येतो का? पिण्याबद्दल मन खातं का? सकाळी उठल्यावर घोट लागतो का? दोन उत्तरं ‘होय’ असतील, तर डॉक्टरांना भेटा.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करू नये. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम सुटतो. दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भास होतात, भान जातं, जीवही जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व तिथे मिळतं. जेवणात चोरून पावडर कालवू नका.

दारू अंगातून उतरली म्हणजे माणूस बरा झाला असं नाही. खरं काम तिथून सुरू होतं: समुपदेशन, दारू सोडलेल्यांच्या बैठका, घरच्यांशी खरं बोलणं. पुन्हा प्याला, तर पुन्हा उपचार. बीपी, शुगरसारखंच हे. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मनाच्या त्रासासाठी 14416 हे सरकारी क्रमांक मोफत आहेत.

विहारात पाचवं शील म्हणताना एखाद्याचा आवाज अडखळला, तर टोमणा मारू नका. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत केसपेपरच्या रांगेत उभे राहा.