“काकू, तुमचा एक फोटो आला होता”

दर शनिवारी दुपारी मी कोथरूडला एका मुलीकडे वाचायला जाते. ती पूर्ण अंध आहे. अकरावीत होती तेव्हापासून मी वाचते, ती ऐकते. आता ती एम.ए.ला आहे. मला बी.ए. होऊन वीस वर्षं उलटली, तेव्हा तिच्या निमित्तानं माझीच उजळणी चाललीय म्हणा ना!

आमचं महिला मंडळ दर जूनमध्ये काही गरजू मुलींची फी भरतं. गेल्या वर्षीची सूचना मीच लिहिली. वळणदार अक्षर, भोवती वेलबुट्टी, शेवटची तारीख लाल शाईनं. मोबाइलवर फोटो काढला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्या मुलींना धाडून दिला. हिचा अर्ज काही आला नाही. मला वाटलं, नसेल गरज. तारीख उलटल्यावर सहज विचारलं, तर म्हणाली, “काकू, तुमचा एक फोटो आला होता खरा. त्यात काय होतं?”

मैत्रिणींनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं वाचून दाखवणारी मी, आणि माझीच सूचना तिच्यापर्यंत कोरी पोचली! त्या वर्षीची फी तिच्या वडिलांनी उसनवार करून भरली.

तिचा मोबाइल बोलतो. पडद्यावर बोट ठेवलं की ‘टॉकबॅक’ तिथली अक्षरं वाचून दाखवतं. कॉम्प्युटरवर तेच काम ‘एनव्हीडीए’ करतं. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ मध्ये ते करायला घेतलं. ते फुकट मिळतं आणि मराठीही वाचतं. पण वाचायला अक्षरं तर हवीत! फोटोतली अक्षरं म्हणजे भिंतीवरचं चित्रच. ती ओळखणारी अ‍ॅप्स आता निघालीत, पण माझ्या वेलबुट्टीपुढे ती काय करणार? शिवाय सकाळपासून गुड मॉर्निंगचे ढीगभर फोटो येतात, त्यातला कामाचा कोणता हे तिला कसं कळावं?

तिच्या नोट्सची तऱ्हा तीच. पानं स्कॅन करून पीडीएफ बनवतात, म्हणजे पुन्हा फोटोच. आणि जिथं अक्षरं असतात तिथं फॉन्टची गंमत. मराठी कॉम्प्युटरवर आणण्यात आपल्या पुण्याच्या सी-डॅकचा मोठा वाटा. पण त्या काळात एकेका कंपनीच्या फॉन्टची मांडणी वेगळी असे. डीटीपीवाल्यांकडे तसले जुने फॉन्ट अजून चालतात. डब्यावर ‘साखर’ लिहिलंय आणि आत मीठ, तसा तो प्रकार! आपल्याला दिसतं मराठी, आत असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. बिचारं मशीन आतलं वाचतं. तिनं मला एकदा ऐकवलं, अक्षरशः बडबड होती. युनिकोडमध्ये टाइप केलं की डब्यावर आणि डब्यात एकच.

ओळखायचं कसं, तेही तिनंच शिकवलं. पीडीएफ उघडून एका शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निवडला गेला नाही, तर बहुतेक तो फोटो. निवडला गेला, तर कॉपी करून मेसेजमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर ठीक, भलतंच काही उमटलं तर जुना फॉन्ट. मोठा मजकूर असेल तर मथळा नुसता ठळक करू नका, वर्डमधली ‘हेडिंग’ची सोय वापरा. म्हणजे तिला एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारता येते, नाहीतर चाळीस पानं पहिल्यापासून ऐकत बसायचं. फोटो पाठवायचाच तर खाली दोन ओळी टाइप करा. आणि “लाल रंगातली तारीख पाहा” असं तर नकोच.

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. बँकांनी, सरकारी कचेऱ्यांनी ते पाळायलाच हवं. पण मंडळाची सूचना धाडणारी मी काही सरकार नव्हे. मला कोण विचारणार होतं? तिनंही विचारलं नव्हतं.

यंदाची सूचना मी टाइप केली. वेलबुट्टी नाही, रंग नाही. ग्रुपवर टाकण्याआधी तिला पाठवली. पाचच मिनिटांत तिचा फोन आला.

“काकू, अर्ज भरते मी. पण शेवटची तारीख तुम्ही दोनदा लिहिलीय!”